लॅम्डा, मालाबाच्या नाक्यावर

सरहद्दीच्या अलीकडे पाच किलोमीटर,
आमोइतच्या चहाच्या टपरीला टेकून
मी ट्रक मोजते.
विद्यापीठाने दिलंय एक घड्याळ, एक नोंदवही.
खुर्ची आमोइतची, तिचा चौथा पाय म्हणजे दगड.
येणारा प्रत्येक ट्रक, एक उभी रेघ.

रेघा सारख्या अंतरावर पडत नाहीत.
पहाटे तीन एकदम: मीठ, फरशा, मीठ.
मग अर्धा तास नुसती तांबडी धूळ
आणि रस्ता ओलांडणारी एक शेळी,
जिची नोंद करायची नसते.
ह्या बेशिस्तीलाही सरासरी असते,
तिला आम्ही लॅम्डा म्हणतो.
खिडकीतला कारकून शिक्के मारतो तो वेग म्यू.
लॅम्डा म्यूला खेटू लागला
की रांग वाढत नाही,
फुगते.

आमोइतला हे समजावलं चित्र काढून.
ती म्हणाली, कारकुनाला जांभई द्यायला सवड नसली
की मला दोन पातेली जास्त चढवावी लागतात.
एवढ्यासाठी किसुमूला शिकायला गेलीस?

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
खिडकीशी कुणाचे कागद तासभर अडकले असले
तरी माझ्या समीकरणात उरलेला वेळ तेवढाच,
जेवढा पहिल्या मिनिटाला होता.
सोसलेलं जमेला धरत नाहीत.
दर क्षणी पहिले पाढे पंचावन्न.
ह्या गुणाला स्मृतिहीनता म्हणतात,
आणि परीक्षेत त्याला पाच गुण असतात.

मंगळवारी रात्री दोनशे बारा नंबरच्या
न्सेंगियुम्वाला फोन आला.
(नाव मी तीनदा विचारून लिहिलं.)
आई गेली, किगालीच्याही पलीकडच्या टेकडीवर.
त्याने ट्रक बंद केला,
किल्ली टपरीच्या खिळ्याला अडकवली, साखरेच्या डब्याशेजारी,
आणि मोटरसायकलवर मागे बसून
सगळ्या रांगेच्या कडेने
सगळ्यांच्या आधी सरहद्द ओलांडली.

त्यासाठी वहीत रकाना आहे: रांग सोडून गेले.
मी रेघ मारली. पेनाने.

पहाटे रांग ट्रकभर सरकली.
दोनशे तेराचा क्यालो खाली उतरला,
खिळ्यावरून किल्ली घेतली,
दोनशे बारा पुढे नेला,
चालत मागे आला,
आपला पुढे नेला.
पुन्हा सरकली. पुन्हा उतरला.
रात्री त्याचे डोळे मिटायला लागले तेव्हा
दोनशे अकराचा ओकिरोर.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
मधेच घुसू बघणाऱ्या एका टँकरला मात्र
पाच-सहा जणांनी हात आडवे करून सांगितलं,
इथे माणूस आहे.

मी रेघेकडे बघत बसले.
जो नाही, तो पुढे सरकतो आहे:
कुठल्या रकान्यात?
सरांना फोन केला. ते म्हणाले,
अपवाद आहे, विदा बिघडेल, गाळून टाक.
वायफळ बोलले नाहीत ते.
एका किल्लीने सरासरी हलत नाही.

शनिवारी दुपारी तो आला.
बुटांना दुसऱ्याच रंगाची माती.
पाच किलोमीटर मागे, आपली जागा होती तिथे उतरून
ट्रक शोधत शोधत रांगेच्या कडेने चालत निघाला,
टपरीशी विचारलं, आमोइतने हनुवटीने दाखवलं:
नाक्यावर, चौथा.
तो उभाच राहिला थोडा वेळ.
मग तिने हिशेब सांगितला:
क्यालोचे अकरा चहा, ओकिरोरचे नऊ,
एकात आलं जास्त, त्याचे वेगळे.
त्याने सुटे मोजून दिले.

मी खुर्ची सोडून त्याच्या मागोमाग खिडकीपर्यंत गेले,
काम नसताना.
शिक्का पडायला सहा मिनिटं लागली.
तेवढी लिहून घेतली.